पाच टनांचा माग, चार बेल्ट

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. २०२३ मध्ये आम्ही जुने पॉवरलूम काढून इचलकरंजीहून वापरलेले रेपियर माग (आडवा धागा पट्टीने ओढून नेणारे) आणायचं ठरवलं, वर इलेक्ट्रॉनिक जाकार्डसह, म्हणजे नक्षीसाठी ताण्याचे धागे उचलणाऱ्या यंत्रासह. व्यवहार बाबांनी केला. माग उतरवून घेणं, जागेवर बसवणं आणि जाकार्ड चढवणं माझ्याकडे आलं, कारण मेकॅनिकलचा डिप्लोमा करून आल्यापासून देखभालीचं सगळं मीच बघते.

आमच्याकडे हे काम कसं होतं ते लहानपणापासून पाहिलेलं. हायड्रा, म्हणजे चाकांवर चालणारी क्रेन, बोलवायची, जड मशीन हलवणाऱ्या खलाशांची टोळी सांगायची, ओझं उचलायचे बेल्ट-साखळ्या तेच घेऊन येतात, संध्याकाळपर्यंत मशीन जागेवर. बहुतेक वेळा निभावतं. पण ज्या दिवशी निभावत नाही, त्या दिवशी मशीनखाली मालक नसतो, खलाशी असतो. एका युनिटमध्ये छताच्या ट्रसला चेन कप्पी टांगून गिअरबॉक्स उचलताना ट्रसचा अँगल वाकला आणि एका पोराची दोन बोटं कायमची गेली. कप्पी धडधाकट होती. ती जिथे टांगली ती जागा फक्त पत्रे आणि वारा पेलायला बनवलेली होती. तेव्हापासून मी ठरवलेलं, की आमच्या कारखान्यात उचलण्याचं सामान आमचं असेल, कागदासकट असेल, आणि हुकापासून जमिनीपर्यंतच्या प्रत्येक तुकड्याचा हिशोब आधी वहीत होईल.

पहिला प्रश्न वजनाचा. दलाल म्हणाला, ‘साडेतीन-चार टन धरा.’ असं ‘धरा’ म्हणून चालत नाही. मागाच्या फ्रेमवर प्लेट असते. ती तेलात आणि सुताच्या फुकीत माखलेली होती, तिकडच्या फिटरकडून रॉकेलने पुसून फोटो मागवला. ४,८०० किलो निघाले. त्यात मागावर राहिलेला रिकामा बीम, म्हणजे ताणा गुंडाळायचा रूळ, धरला आहे की नाही हे प्लेट सांगत नाही, म्हणून ट्रेलर निघताना वजनकाट्यावर भरलेला आणि इथे उतरल्यावर रिकामा तोलून घेतला. आकडे जुळले. काट्याचं भाडं चहापाण्याइतकं असतं आणि त्या पावतीवर पुढचा सगळा हिशोब उभा राहतो.

दुसरा प्रश्न, उचलायचं कशाने. मागाच्या दोन्ही बाजूच्या फ्रेमना उचलण्यासाठी चार भोकं दिलेली असतात. वरच्या एकाच हुकातून चार बेल्ट थेट खाली सोडले तर ते आत झुकतात, फ्रेम आतल्या बाजूला दाबली जाते आणि रेपियरची लाइन बिघडते. म्हणून मध्ये एक आडवा बीम घ्यायचा, ज्याला स्प्रेडर म्हणतात. बीमच्या वर दोन पायांची साखळी, बीमच्या खाली चार बेल्ट अगदी सरळ उभे. बीम साधारण २५० किलोचा. साखळी आणि शॅकल (जोडायच्या पिनेच्या लोखंडी कड्या) धरून हुकावर येणारं वजन ५,१५० किलोच्या आसपास.

आता कोन. माझ्या मते या कामातली सगळ्यात कमी बोलली जाणारी आणि सगळ्यात जास्त जीव घेणारी गोष्ट हीच. एक टन वजन दोन पायांवर उचललं की प्रत्येकावर अर्धा टन येतो, असं सगळे धरून चालतात. दोन्ही पाय सरळ उभे असतील तरच ते खरं. दोन पायांमधला कोन ६० अंश झाला की प्रत्येकावर ५७७ किलो येतात, ९० ला ७०७, आणि १२० अंशांना प्रत्येक पायावर पूर्ण १ टन. कोन १५० पर्यंत पसरला तर प्रत्येकावर १,९०० किलोंच्या वर. वजन तेच, साखळी तीच, फक्त आखूड घेतली म्हणून ओढ चौपटीच्या जवळ गेली. कोनमापक घेऊन कोणी फिरत नाही. त्यासाठी सोपी खूण आहे: दोन हुकांमधलं अंतर जेवढं, निदान तेवढ्या लांबीचा प्रत्येक पाय घ्यायचा. तिन्ही बाजू सारख्या झाल्या की वरचा कोन ६० अंशच येतो. पाय त्याहून लांब असेल तर आणखी बरं.

आमच्या साखळीचा हिशोब ६० अंशांवर केला तर प्रत्येक पायावर जवळजवळ ३ टन येत होते. ग्रेड ८० ची (हा पोलादाच्या ताकदीचा दर्जा) १० मिलिमीटर साखळी एका पायाला, सरळ उभी, ३.१५ टन पेलते. म्हणजे गणितात ती बसत होती, आणि तीच घ्या असा आग्रहही झाला. पण दोन पायांच्या साखळीच्या बिल्ल्यावर उभ्या रेषेपासून ४५ अंशांपर्यंतचा, म्हणजे दोन पायांमध्ये ९० अंशांपर्यंतचा, एकच आकडा दिलेला असतो, आणि १० मिलिमीटरला तो ४.२५ टन आहे. साइटवर उद्या कोणी आखूड बीम लावला, कोन पसरला, तरी बिल्ला वाचणाऱ्या माणसाची फसगत होऊ नये म्हणून तो आकडा तसा ठेवलेला असतो. मी १३ मिलिमीटर घेतली. तिच्या दोन पायांचा आकडा ७.५ टन आहे. जड आहे, दोघांना मिळून ओढावी लागते, पण पुन्हा वहीत डोकं घालावं लागत नाही.

बेल्टचं गणित वेगळं. चार बेल्ट लावले तरी चारही सारखे ताणले जात नाहीत. माग हे ताठ लोखंडी धूड. एखादा बेल्ट बोटभर लांब असला की वजन तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोघांवर जातं. म्हणून चारांपैकी दोनच वजन घेतात असं धरलं: ४,८०० चे निम्मे, २,४०० किलो. पिवळा बेल्ट घेतला. बेल्टचा रंग हीच त्याची ताकद: जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, करडा ४, लाल ५. तेही सरळ उभा असताना. फास मारला, म्हणजे बेल्ट स्वतःच्याच डोळ्यातून ओवून आवळला, की ताकद ८० टक्क्यांवर येते. पिवळ्याचा फास म्हणजे बरोबर २.४ टन, काठावर. त्यामुळे आमच्याकडे फास नाही हे आधीच ठरलं. बेल्ट शॅकलला आणि शॅकल मागाच्या भोकाला.

यादी घेऊन सोलापूरच्या बाजारात गेले तेव्हा खरी परीक्षा झाली. एका दुकानात पिवळे बेल्ट होते, भाव चांगला होता. लेबलवर रंग, टन आणि एक शिक्का. बनवणाऱ्याचं नाव नाही, लांबी नाही, सुरक्षेचं प्रमाण नाही, अनुक्रमांक नाही. सर्टिफिकेट मागितलं तर म्हणाले, ‘ताई, माल गॅरंटीचा आहे, सगळा एमआयडीसी नेतो.’ पॉलिस्टर बेल्टला सातपट ताकद ठेवायची असते, म्हणजे ३ टनांचा बेल्ट २१ टनांपर्यंत तुटता कामा नये. ते २१ टन कुठल्या तरी मशीनवर ओढून पाहिलेले असावे लागतात आणि तो कागद बेल्टच्या नंबरासकट हातात यावा लागतो. दुकानदार वाईट माणूस नव्हता; त्याच्याकडे असा कागद आजवर कोणी मागितलाच नव्हता. मी हुतात्मा एक्स्प्रेस धरली आणि पुण्याजवळच्या भोसरीहून सगळं सामान टेस्ट सर्टिफिकेटसह आणलं. शॅकल घेताना ४.७५ टनांचे, पोट गोल असलेले घेतले. सरळ डी शॅकलमध्ये रुंद बेल्ट दुमडतो आणि एका कडेवर ताण घेतो, गोल पोटात तो पसरून बसतो. प्रत्येक शॅकलच्या अंगावर टन उठावाच्या अक्षरांत आहे, पिनवर नंबर आहे. आपल्याकडे हरवलेल्या पिनेच्या जागी बोल्ट घालायची सवय आहे. साधा बोल्ट त्या ताणाला वाकतो. पिन हरवली की शॅकल भंगारात.

अण्णा आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारे खलाशांचे मुकादम. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि जड वस्तूचा तोल त्यांच्याइतका कुणाला कळताना मी पाहिलेला नाही. नवीन बेल्ट बघून त्यांना आनंद झाला. मग त्यांनी सवयीने एक पोरगा पाठवून सेकंड क्वालिटीच्या टॉवेलांचा गठ्ठा मागवला. टॉवेल कारखान्यात बेल्टखाली टॉवेलाची घडी घालणं हे इतकं रुळलेलं आहे की त्यावर कोणी बोलत नाही. मी म्हटलं, ‘अण्णा, टॉवेल नको.’

‘का ताई? बेल्टला धार लागू नये म्हणून तर घालायचा.’

मी त्यांना मागाच्या क्रॉस बीमची कड दाखवली. ओतीव लोखंडावर मशीनिंग केल्यावर जी बारीक टोकदार कड राहते, तिच्यावर हात फिरवला तरी जाणवते. ताणलेला पॉलिस्टर बेल्ट अशा कडेवरून नुसता सरकला तरी सुरीने कापावा तसा जातो. टॉवेल कड झाकतो, कापणं थांबवत नाही, आणि ओझं हललं की घडी निसटते. त्याऐवजी आम्ही जाड रबरी होजचे हातभर तुकडे मधोमध चिरून घेतले आणि कडेवर चढवून बांधले. अण्णांनी एक होज स्वतः चिरला, कडेवर बसवला, ओढून पाहिला आणि टॉवेलांचा गठ्ठा परत पाठवला. पुढच्या कामाला ते स्वतःचे होज घेऊन आले.

बेल्टबद्दल आणखी एक गोष्ट टॉवेलवाल्यांनी ध्यानात ठेवायला हवी. आमच्या प्रोसेस हाऊसमध्ये कॉस्टिक सोडा असतो, स्कावरिंगला, म्हणजे कापडातला मळ-मेण काढायला, लागतोच. पॉलिस्टर आम्लाला बऱ्यापैकी टिकतं, पण कॉस्टिकसारख्या अल्कलीने आतून कमजोर होतं. नायलॉनचं उलट. निळं लेबल म्हणजे पॉलिस्टर, हिरवं म्हणजे नायलॉन. कॉस्टिकच्या टाकीजवळच्या खुंटीवर एक जुना हिरवा बेल्ट लटकत होता, लेबल निळं. लांबून नवाच वाटायचा. हातात घेतला तर पुठ्ठ्यासारखा ताठ. दुमडला तर घडीवर पांढरट भुकटी, आणि नखाने खरवडलं की धागे सुटून येत होते. उघड्यावर उन्हात टाकलेल्या बेल्टचंही असंच होतं, आणि सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हाबद्दल वेगळं सांगायला नको. तो बेल्ट मी तिथल्या तिथे तीन तुकडे करून टाकला. नुसता कोपऱ्यात फेकला असता तर संध्याकाळी कोणीतरी उचलून वापरला असता. बेल्ट, साखळी, शॅकल आता स्टोअरमध्ये, सावलीत, लाकडी खुंट्यांवर असतात आणि किल्ली स्टोअरकीपरकडे.

जाकार्डसाठी छताला हात लावायचा नाही हे ठरलेलंच होतं. चाकांची ए-फ्रेम गॅन्ट्री, म्हणजे ए आकाराच्या पायांवरची आडवी तुळई, बनवून घेतली, २ टनांची, डिझाइन एका स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून. तिच्यावर २ टनांची चेन कप्पी. जाकार्ड ९०० किलोचं, मग २ टन कशाला असं बाबांनी विचारलं. वर चढवताना ते कधी अडकतं, कधी एका कडेला टेकतं, आणि त्या क्षणी कप्पीवरचा ताण वजनापेक्षा जास्त होतो, म्हणून.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ ने उचलण्याची यंत्रं, साखळ्या, दोर आणि हुक-शॅकलसारखं सुटं सामान यांची १२ महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून पूर्ण तपासणी आणि त्याची नोंद बंधनकारक केली होती. प्रत्येकावर सुरक्षित वजन स्पष्ट लिहिलेलं हवं, हेही त्यातच. ही सक्षम व्यक्ती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या मान्यतेची असते. पुष्कळांकडे हा माणूस फक्त कागदावर येतो. आमच्याकडे आलेले गृहस्थ आधी चहासुद्धा न घेता गॅन्ट्रीखाली जाऊन बसले, वेल्डिंगवर टॉर्च मारला, मग क्षमतेच्या सव्वापट, म्हणजे २.५ टन, मागितले. आम्ही ताण्याचे भरलेले बीम काट्यावर तोलून टांगले. टांगलेलं वजन तसंच ठेवून त्यांनी कप्पीच्या हुकापासून जमिनीपर्यंत खडूने उंचीची खूण केली, वेळ जाऊ दिला, आणि ब्रेक सरकला का ते पुन्हा मोजलं. हुकाचं तोंडही कॅलिपरने मोजून लिहून ठेवलं. पुढच्या वर्षी ते १० टक्क्यांनी उघडलेलं दिसलं तर हुक बाद, कारण हुक तुटण्याआधी उघडतो आणि डोळ्याला ते उशिरा कळतं.

माग आले ते पावसाळ्यात. हे आम्हाला नको होतं, पण ट्रेलर तेव्हाच मिळाला. आमच्या आवारात वर मुरूम आहे, खाली काळी माती. वरून कोरडी दिसते आणि चाक टेकलं की बसते. हायड्रावाल्याने पाठवलेलं मशीन १४ टनी होतं आणि ‘पाच टन म्हणजे काहीच नाही’ असं तो फोनवर म्हणालेला. हायड्राच्या नावातले १४ टन बूम, म्हणजे क्रेनचा लांबवता येणारा हात, पूर्ण आत असताना, मशीनच्या अगदी जवळ, सपाट टणक जमिनीवर असतात. बूम जसजशी बाहेर जाते तसतसा आकडा झपाट्याने उतरतो आणि तो तक्ता केबिनमध्ये लावलेला असतो. पहिल्या मशीनमध्ये तक्ता फाटलेला होता, बूमला हद्दीवर थांबवणारा लिमिट स्विच तारेने बांधून ठेवलेला, टेस्टचा कागद मुदत संपलेला. मी ते परत पाठवलं. दुपार वाया गेली, बाबा चिडले, ट्रेलरवाल्याने हॉल्टिंग, म्हणजे थांबवून ठेवल्याचं भाडं, लावलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडून आलेल्या मशीनचा तक्ता ऑपरेटरने स्वतःच वाचून दाखवला. आम्ही त्याच्या चाकांखाली पोलादी प्लेटा टाकल्या आणि जाण्याची वाट आदल्या रात्री रोलरने दाबून घेतली.

पहिला माग उचलताना अण्णांनी मागाच्या फ्रेमवर खडूने एक रेघ मारली. मागाची मोटर आणि क्लच एका बाजूला असतो, त्यामुळे मध्यबिंदू म्हणजे तोलबिंदू नव्हे. रेघ मध्यापासून वीतभर सरकलेली होती. हुक त्या रेघेवर आणला. ‘चार बोटं,’ एवढंच ते म्हणाले. माग ट्रेलरवरून चार बोटं उचलला आणि थांबवला. कोणी जवळ नाही. बेल्ट चारही ताठ, पण एकाची शिवण लेबलाजवळ किंचित वळलेली दिसली. माग पुन्हा टेकवला, पिळ काढला, परत चार बोटं. मागचा भाग थोडा खाली झुकला होता. पुन्हा टेकवून हुक अंगठाभर सरकवला. तिसऱ्यांदा माग पाण्यासारखा सपाट राहिला, तेव्हा अण्णांनी हाताने खूण केली आणि ट्रेलर पुढे काढला.

हायड्रा ओझं समोर टांगून चालते, आणि ते हलू नये म्हणून माणसं हाताने धरून पुढे चालतात. ऑपरेटरला ओझ्यामुळे ती दिसत नाहीत. पाय अडखळला की चाकाखाली. आम्ही मागाला दोन्ही टोकांना लांब दोर बांधले आणि धरणाऱ्यांना बाजूला, ऑपरेटरला दिसतील असं ठेवलं. मागे चालायचं नाही, समोर चालायचं नाही. खुणा करणारा एकच, अण्णा. ‘थांब’ची खूण मात्र कोणीही करावी आणि ती ऑपरेटरने मानावीच.

शेडमध्ये जाकार्ड चढवताना मी शेजारचे चालू माग बंद करायला लावले. उत्पादन थांबतं म्हणून शिफ्टच्या सुपरवायझरने तोंड वाकडं केलं. पण चालू मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलेलं ऐकू येत नाही, आणि ९०० किलो डोक्यावर असताना ‘थांब’ ऐकू न येणं मला परवडणार नव्हतं. कप्पीची हातसाखळी एकच माणूस ओढणार हाही नियम. ती एकाच्या ताकदीसाठी बनवलेली असते. दुसऱ्याला हात लावावा लागला तर वजन जास्त आहे किंवा काहीतरी अडकलंय. तिसरं जाकार्ड चढवताना नेमकं हेच झालं. पोरगा ओढेना म्हणून दुसरा धावला. अण्णांनी त्याला हाताला धरून मागे खेचलं आणि वर बघायला लावलं: जाकार्डाच्या पायाचा कोन स्टँडच्या पट्टीत अडकला होता. दोघांनी ओढलं असतं तर पट्टी तुटली असती नाहीतर साखळी. थोडं खाली सोडून, दोराने फिरवून, ते जागेवर बसलं.

माग चालू झाले, सामान स्टोअरमध्ये गेलं. प्रत्येक बेल्टला आणि शॅकलला आम्ही आमचा नंबर दिला आणि रजिस्टरमध्ये त्याचं पान केलं: कधी घेतला, सर्टिफिकेट कुठे, कधी कशासाठी नेला, परत आला तेव्हा कसा होता. नेताना आणि आणताना बेल्ट पूर्ण पसरून दोन्ही बाजूंनी बघायचा, शिवणीवर बोट फिरवायचं, लेबल वाचता येतं का पाहायचं. लेबल गेलं तर बेल्ट कितीही नवा दिसला तरी बाद.

पुढच्या वार्षिक तपासणीत तेच गृहस्थ आले. साखळी, हुक, गॅन्ट्री ठीक. पिवळ्या बेल्टपैकी तीन पास, चौथ्याच्या कडेला करंगळीच्या नखाएवढा काप त्यांना सापडला. रजिस्टर उघडलं तर तो बेल्ट शेवटी बॉयलरच्या फीड पंपासाठी गेला होता, होज न घेता. स्टोअरकीपरने बेल्ट त्यांच्यासमोर कापला, रजिस्टरमध्ये लाल शाईने नंबर खोडला आणि नव्या बेल्टची ऑर्डर त्याच दिवशी भोसरीला दिली. आता होज बेल्टलाच बांधून ठेवलेला असतो, बेल्ट देताना तोही सोबतच जातो.